मोतीची आळणी यखनी

लखनौचा जानेवारी म्हणजे धुके आणि हाडे गोठवणारी थंडी. नोकरीच्या निमित्ताने तेथेच स्थायिक झालेल्या एका मराठी घरात त्या रविवारी यखनी पुलाव शिजला होता. मटण, कांदा, लसूण, आले, बडीशेप, धणे यांची यखनी करायची आणि त्याच पाण्यात तांदूळ शिजवायचा, हे सासूबाई शेजारणीकडून शिकल्या होत्या. जेवणे उरकली. उरलेली यखनी आणि हाडे घेऊन त्या अंगणात मोतीकडे निघाल्या.

"आई, त्याला ते देऊ नका!" सून धावत आली.

"अगं, म्हातारा झालाय तो. थंडीने कुडकुडतोय. चार घास गरम खाऊ दे की!"

सून गप्प उभी राहिली. मग वर्षभर मनात ठेवलेली गोष्ट तिने हळूच सांगितली. गेल्या हिवाळ्यात मोतीच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी लालसर झाली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, "कांदा-लसणाचे काही देता का?" कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. रस्सा गाळला तरी त्यांचा अर्क पाण्यात उतरलेला असतोच.

"म्हणजे माझ्याच हातून..." सासूबाईंचे डोळे भरून आले.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. चुकलेच माझे. आता आपण दोघी मिळून त्याच्यासाठी वेगळी यखनी करू."

दुसऱ्या दिवशी हाडांसकट अर्धा किलो कोंबडी, एक गाजर, दुधीच्या चार फोडी आणि दोन लिटर पाणी मंद आचेवर चढले.

"मीठ?"

"नाही, आई."

"निदान हिंग-जिऱ्याची फोडणी?"

"तीही नाही."

दोन तासांनी यखनी गाळली. शिजलेली हाडे ठिसूळ होतात, त्यांचे टोकदार तुकडे घशात, आतड्यात रुततात. म्हणून ती गल्लीतल्या कुत्र्यांनाही न घालता कागदात घट्ट बांधून कचऱ्यात टाकली. भांडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी वर चरबीची साय धरली होती, ती काढली, कारण फार चरबीने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तीन दिवसांपुरती यखनी फ्रिजमध्ये ठेवून बाकीची बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली. ही काही पोटभरीची नव्हे. रोजच्या भातावर दोन-तीन चमचे, तीही कोमट, एवढेच.

चव पाहिल्याशिवाय कुणाला वाढायचे नाही, ही सासूबाईंची जन्माची सवय. त्यांनी चमचाभर तोंडात घेतली आणि तोंड वाकडे केले.

"शी! अगदीच आळणी गं!"

मोतीने मात्र थाळी चाटून लख्ख केली आणि आणखी मिळेल म्हणून त्यांच्याकडे पाहत शेपूट हलवत राहिला.

सासूबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "आजवर जीव लावायचा म्हणजे वाढत राहायचे, एवढेच ठाऊक होते. काय वाढू नये, हे तू शिकवलेस बाबा!"