काळी आणि पांढरी

महाराष्ट्राच्या पठारावरील जुन्या गावांत जमिनीला दोन नावे असत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पेरावे काळीत, घर बांधावे पांढरीत, हा पूर्वापार शिरस्ता. बार्शीच्या बाजारपेठेत भुसाराचा व्यापार करण्यात ज्यांची हयात गेली, त्या अण्णांना तो कोणी मुद्दाम शिकविला नव्हता. तो अंगात मुरलेला होता. पुढे गाव वाढले, पांढरी अपुरी पडली आणि काळीतही इमारती उठू लागल्या. अण्णांनी आपले गोदाम तेथेच बांधले, परंतु पायातील काळी माती उपसून, तिच्या जागी मुरूम भरून, पाणी मारून आणि धुम्मसाने चोपून. चाळीस वर्षांत त्या भिंतीला तडा गेला नाही.

त्यांचा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात स्थायिक झाला आहे. डॅलस शहराच्या उत्तरेस प्लेनो नावाचे उपनगर आहे, तेथे त्याचे घर. एका ऑगस्टमध्ये अण्णा प्रथमच तेथे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात फिरावयास निघाले आणि कुंपणाजवळ थबकले. करपलेल्या गवतामधून जमीन भेगाळली होती. त्यांनी हातातील काठी एका भेगेत सोडली. ती वीतभर, मग हातभर आत गेली. अण्णा खाली वाकले, ढेकूळ उचलून बोटांनी चुरले आणि म्हणाले, “अरे, ही तर आपली काळी!”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. रेड नदीच्या दक्षिणेपासून सॅन अँटोनिओच्या परिसरापर्यंत काळ्या चिकणमातीचा एक लांबच लांब पट्टा पसरला आहे. एके काळी तो कापसासाठी प्रसिद्ध होता. त्यातील ‘ह्यूस्टन ब्लॅक’ ही माती टेक्सासची राज्य-मृदा मानली जाते. मृदाशास्त्र तिला आणि दख्खनच्या काळ्या मातीला एकाच वर्गात घालते. त्या वर्गाचे नाव व्हर्टिसॉल. या मातीतील खनिजांचे पापुद्रे पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आक्रसतात. पावसाळ्यात जमीन उचलली जाते, उन्हाळ्यात खचते आणि फाटते. फरक एवढाच, की बार्शीत या मातीवर घर बांधताना माणूस विचार करीत असे आणि येथे काँक्रीटच्या सपाट लादीवर घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या होत्या.

मुलापुढील अडचण मात्र निराळी होती. अशा वसाहतींत घरमालकांचा एक संघ असतो आणि घर घेताना त्याची नियमावली मान्य करावी लागते. दर्शनी भिंतीचा रंग, कुंपणाची उंची, कचऱ्याचे डबे कोठे ठेवावेत, यांबरोबरच समोरचे अंगण कसे दिसावे हेही त्यात लिहिलेले असते. समोरच्या हिरवळीवर तपकिरी चट्टे पडल्याबद्दल त्या उन्हाळ्यात दोन पत्रे आली होती. तिसऱ्यात दंडाची सूचना होती. दुसरीकडे शहराने पाणी देण्याचे दिवस ठरवून दिलेले. पाणी द्यावे तर नियम मोडतो, न द्यावे तर दंड पडतो. त्यातून हिरवळ टिकविण्यासाठी वर्षातून अनेकदा कीटकनाशके फवारावी लागत आणि ते सूनबाईंच्या मनाला नेहमीच टोचत असे. शेवटी दोघांनी कृत्रिम हिरवळीचा निश्चय केला.

या हिरवळीची प्रसिद्धीही टेक्सासचीच म्हणावी लागेल. ह्यूस्टनमध्ये 1965 साली अ‍ॅस्ट्रोडोम हे छताखालचे क्रीडांगण उघडले. छताच्या पारदर्शक प्लास्टिक तावदानांमुळे खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून ती रंगविली. त्यामुळे खालचे गवत मेले. 1966 मध्ये तेथे कृत्रिम गवत अंथरले गेले आणि ते ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ या नावाने जगभर पोहोचले. घरांच्या अंगणात ते पुष्कळ नंतर आले आणि आले ते कायद्याचा गुंता घेऊनच. कॅलिफोर्नियात 2015 च्या कायद्याने घरमालक संघांना कृत्रिम हिरवळीवर बंदी घालण्यास मनाई केली. टेक्सासचा 2013 चा कायदा कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांना आणि नैसर्गिक गवताला संरक्षण देतो. कृत्रिम गवताचा त्यात उल्लेख नाही. त्यामुळे प्लेनोत शेवटचा शब्द समितीचा होता.

सूनबाईंनी अर्ज फार चिकाटीने तयार केला. अंगणाचा आराखडा, गवताचा नमुना, पात्यांची उंची, रंगाच्या छटा. समितीने परवानगी दिली ती अटींवर : रंग भडक नसावा, मुळाशी वाळल्या पात्यांची छटा असावी, रस्त्यावरून जोड दिसू नयेत, पाणी शेजाऱ्याकडे वाहू नये. सगळ्या अटी वरच्या रूपाबद्दलच्या होत्या. खाली काय असावे, याविषयी एक ओळही नव्हती.

तीन कंत्राटदारांची दरपत्रके आली. मुलाने सर्वांत स्वस्त स्वीकारले. काम सुरू झाले त्या दिवशी अण्णा ओट्यावर बसून पाहत होते. जुने गवत खरवडले गेले, वाळूचा पातळ थर पडला आणि दुपारी गवताच्या गुंडाळ्या उलगडू लागल्या. अण्णांनी मुलाला हाक मारून विचारले, “खाली मुरूम नाही का टाकत?”

“अण्णा, ही काही बार्शी नाही,” मुलगा हसून म्हणाला. “इथे हे लोक रोज हेच काम करतात.”

अण्णा काही बोलले नाहीत. व्यापारात त्यांनी एक नियम पाळला होता : पोत्याच्या तोंडाशी असलेल्या दाण्यावर भाव ठरवायचा नाही, हात खालपर्यंत घालून तळाचा दाणा पाहायचा. परंतु हे पोते त्यांचे नव्हते. संध्याकाळी अंगण सुरेख दिसू लागले. शेजारी थांबून कौतुक करून गेले. ऑक्टोबरअखेर अण्णा भारतात परतले.

मे महिन्यातील वादळी पावसात त्या अंगणात प्रथम तळे साचले. चिकणमातीतून पाणी खाली उतरेना आणि उतार नसल्यामुळे बाहेरही जाईना. माती फुगून जागोजागी उंचवटे आले. मग जुलै-ऑगस्टच्या उन्हात तीच माती आक्रसली, खळगे पडले, मधला जोड तोंड वासून उघडला. सप्टेंबरमध्ये समितीचे पत्र आले : पृष्ठभाग असमान, सुधारणा करावी. त्याच सुमारास वरच्या मजल्यावरचा दरवाजा चौकटीत अडकू लागला आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर एक तिरपी रेघ उमटली. पाया तपासणाऱ्या अभियंत्याने कारण सांगितले. जुन्या गवताला दिलेले पाणी नकळत घराच्या पायालगतची माती ओलसर ठेवीत होते. कृत्रिम गवत आले, पाणी बंद झाले आणि दर्शनी बाजूची माती घराखालच्या मातीहून अधिक वाळून खचली.

अण्णा त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास पुन्हा आले, तेव्हा घरात या विषयावर कोणी बोलत नव्हते. चौथ्या दिवशी रात्री मुलगा त्यांच्या खोलीत येऊन बसला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, “अण्णा, गोदामाचा पाया तुम्ही नक्की कसा भरला होता?”

आपण पूर्वीच सांगितले होते, असे अण्णा म्हणाले नाहीत. त्यांनी उशाखालून चष्मा काढला आणि कागद मागितला.

पुढचे काम नव्या कंत्राटदाराने केले, अण्णांच्या कागदाशी बरेचसे जुळणारे. चार इंच माती उपसली, परंतु खालची भुसभुशीत केली नाही. घरापासून रस्त्याकडे दर फुटाला पाव इंच उतार दिला. मातीवर विणलेले जाड कापड अंथरले, म्हणजे चिखल वर येऊन खडीत मिसळणार नाही. त्यावर चुनखडीची बारीक खडी दोन थरांत टाकली. प्रत्येक थर ओला करून यंत्राने चोपला. सखल कडेला खडीत छिद्रांची नळी पुरून तिचे तोंड रस्त्याच्या कडेशी काढले. मग गवत, सगळ्या पट्ट्यांच्या पात्यांची दिशा एक ठेवून, आणि पात्यांत वाळू. घराच्या भिंतीलगत मात्र दोन फुटांचा पट्टा मोकळा सोडला. तेथे कमी पाण्यावर जगणारी स्थानिक झुडपे लावून ठिबकची नळी फिरविली, म्हणजे पायालगतची माती वर्षभर सारखी ओलसर राहील. चार इंच खडीने काळी माती जिंकली जात नाही. ती खोलवर हलतच राहते. तिचे हलणे सर्वत्र सारखे व्हावे, एवढेच माणसाच्या हाती असते.

खर्च दुप्पट झाला, आणि पहिले पैसे गेले ते गेलेच. कृत्रिम हिरवळीचे आणखी एक सत्य या काळात घराला कळले होते : उन्हाळ्याच्या दुपारी तिच्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. म्हणून मागच्या अंगणात ती घालण्याचा बेत सूनबाईंनी सोडून दिला. तेथे कमी पाण्याचे देशी बफेलो गवत लावले, फवारा बंद केला. थंडीत ते तपकिरी पडते, परंतु तेव्हा शेजाऱ्यांचेही पडलेले असते. मुंग्यांची रांग तेथून आता निर्वेध जाते.

अण्णा थंडीपूर्वीच बार्शीला परतले. मे महिन्यात एका पहाटे साडेपाचला त्यांचा फोन वाजला. प्लेनोत तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. मुलगा छत्री घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होता. पावसाचा आवाज इतका होता, की त्याला ओरडून बोलावे लागत होते.

“अण्णा, नळीतून पाणी येतंय. अंगणात थेंब साचलेला नाही.”

अण्णांनी क्षणभर थांबून विचारले, “पाणी गढूळ आहे का नितळ?”

मुलगा वाकून पाहत असावा. थोड्या वेळाने उत्तर आले, “नितळ आहे.”

“मग माती जागेवर आहे,” अण्णा म्हणाले. “आता घरात जा, भिजू नकोस.”