सदतीस घरे

गेल्या जून महिन्यात माझी धाकटी बहीण आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन साताऱ्याला आमच्या घरी कायमची राहायला आली. मेहुण्यांना जाऊन तेव्हा पुरता महिनाही झाला नव्हता. घरात आम्ही चौघे : आई, पत्नी, मुलगी आणि मी. दोन माणसे वाढली, तर दोन पाने जास्त मांडायची, एवढाच हिशेब मी केला होता. दहावीनंतर चित्रकलेची परीक्षा देऊन मास्तर झालेल्या माणसाचे गणित ते!

आठवडाभरात काय झाले पाहा. माझ्या मुलीचे अभ्यासाचे टेबल अर्धे गेले आणि तिने अबोला धरला. चहात साखर किती, या प्रश्नावर पंधरा वर्षे एकमत न झालेल्या आमच्या मातोश्री आणि सूनबाई, या पोराने दोन घास जास्त खावेत म्हणून एक झाल्या. आणि भाचेबुवा? ते दिवसभर हातात मावेल असे एक खेळाचे यंत्र घेऊन बसत. ते त्याच्या वडिलांनी आणले होते, म्हणून कुणी काही बोलत नसे.

एके दिवशी तो वहीत चौकटी आखताना दिसला. चौकटी म्हटल्या की माझ्यातला मास्तर जागा होतो. "काय रे, नकाशा मोठा करतोयस?" मी विचारले. "नाही मामा, टाइप चार्ट आहे," तो म्हणाला. त्या उन्हाळ्यात त्याच्या तोंडून ऐकलेले ते सर्वांत लांब वाक्य.

पोकेमॉन हे नाव, वाचकहो, तुमच्या घरातल्या मुलांना विचारा. चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि झुंजवायचे. ज्याने हे काढले तो सातोशी ताजिरी लहानपणी तोक्योजवळ किडे गोळा करीत हिंडे. या प्राण्यांचे प्रकार असतात. त्यांना 'जात' म्हणायला माझी जीभ रेटेना. मी 'गण' म्हणतो, पत्रिकेतल्या देवगण-राक्षसगणासारखा. पाणी आगीला भारी, आग झाडाला, झाड पाण्याला. 1996 साली जपानात हा खेळ आला तेव्हा असे पंधरा गण होते. त्यांत मनोबलाचा गण एवढा शिरजोर झाला की त्याला कुणी आवरेना. त्याला किड्यांचे भय, पण किड्यांचे डावच दुबळे. भुतांचे डाव तर त्याला लागतच नसत. म्हणून 1999 साली पोलाद आणि काळोख हे दोन नवे गण आणले. काळोखाला जपानीत चक्क 'दुष्ट' म्हणतात. त्याच्यावर मनोबल मुळी चालतच नाही.

मग ड्रॅगन माजले. त्यांच्या माऱ्यापुढे टिकाव धरणारे एकटे पोलाद. 2013 साली त्यांच्यासमोर कोण आणून उभे केले असेल? परी! ड्रॅगनाचा फूत्कार परीला लागतच नाही. हे ऐकून मी मोठ्याने हसलो, आणि भाचाही जरासा हसला.

"पण मामा, नुसती परी आणून भागत नाही," तो म्हणाला. "सतरा होते, अठरा झाले, म्हणजे पस्तीस घरं नवीन भरायची." मी बोटांवर मोजले. अठरा अठरे तीनशे चोवीस, सतरा सतरे दोनशे एकोणनव्वद, बरोबर पस्तीस. परी कुणाला मारते, कुणाकडून मार खाते, हे एकेका घरात लिहायचे. विष 1999 पासून झाडांखेरीज कुणावर विशेष चालत नसे. परी आली आणि त्याला भाव आला. पोलादाचाही मान वाढला. क्लिफेअरी नावाचा एक गुबगुबीत प्राणी सतरा वर्षे 'सामान्य' गणात गणला जात होता, तो पहिल्यापासून परीच होता असे ठरले. (तीस वर्षांच्या नोकरीत नव्हे, वीसच म्हणू या, पण प्रगतिपुस्तकावर मी किती जणांना 'सामान्य' लिहिले असेल!)

माझ्या हाती तेव्हा एक कादंबरी होती. तिच्यातला थोरला काका सर्वांना पुरून उरला होता, आणि अकराव्या प्रकरणात एक नवी आत्या आणून त्याचा बंदोबस्त करायचा माझा विचार होता. भाच्याचे ऐकून मी ती प्रकरणे परत पहिल्यापासून लिहायला घेतली. ते असो.

श्रावणात त्याने स्वतःचा एकोणिसावा गण काढला : राख. आग तिला लागत नाही, कारण ती आधीच जळलेली. "छान! आणि ती हरते कुणाकडून?" मी विचारले.

"कुणाकडूनच नाही."

"असं चालत नाही. त्या मनोबलवाल्यांचं काय झालं, तूच सांगितलंस ना?"

त्याने वही मिटली. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पत्नीने मला विचारले, "तुम्हाला एवढं कळत नाही?" मला खरेच कळले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तो माजघरात कडाक्याचे भांडण. वही मधे, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला माझी मुलगी, जिने दोन महिने त्याच्याशी शब्द टाकला नव्हता. वाऱ्याने राख उडते, म्हणून वारा भारी, असे तिचे म्हणणे. उडाली तरी ती राखच राहते, असे त्याचे. शेवटी ती म्हणाली, "बरं, मग पाणी?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "पाणी दुप्पट," तो म्हणाला. "राख पाण्यात जाते. माहुलीला संगमावर मी पाहिलंय."

स्वयंपाकघराच्या दारात माझी बहीण कणकेचे हात तसेच धरून उभी होती. मुलीने पाण्याच्या घरात पेन्सिलीने दोनचा आकडा घातला. मग त्याने तिच्या हातातली पेन्सिल घेतली, आणि वाऱ्याच्या घरात काय लिहायचे यावरून दोघे पुन्हा भांडू लागले. सदतीस घरांपैकी छत्तीस अजून रिकामी होती.