माथेरानची शांतता

आमच्या घरात माणसे पाच आहेत आणि फोन सात. जास्तीचे दोन कोणाचे, हे मला अजून कळलेले नाही. परंतु ते वाजतात, आणि वाजले की पाचही माणसे आपापले खिसे चाचपू लागतात. कपडे धुण्याचे यंत्र काम संपले की गाणे म्हणते. भाताचा कुकर पूर्वी शिट्टी तरी देत असे. आता तो तीनदा 'टीं' करून गप्प बसतो, आणि भात झाला की बिघाड झाला हे झाकण काढल्याशिवाय कळत नाही. गॅसचा नंबर लावावा तर पलीकडची बाई मराठीसाठी दोन दाबा म्हणते. मी इमानाने दोन दाबतो, आणि ती हिंदीत बोलू लागते. पहाटे पाच वाजता एक दूरचे मेहुणे गुलाबाच्या फुलावर सुविचार छापून पाठवितात, तो ताप निराळाच.

तेव्हा २०२३ च्या जानेवारीत एके दिवशी मी जाहीर केले की आपण दोघे माथेरानला जाणार, आणि फोन बंद करून ट्रंकेच्या तळाशी ठेवणार.

"अहो, तिथं चालावं लागतं," ही म्हणाली. "माझ्या गुडघ्याचं काय?"

"चालण्यासारखं औषध नाही," मी म्हणालो. दुसऱ्याच्या गुडघ्याविषयी माणूस फार ठामपणे बोलू शकतो.

माथेरानला जायचे तर नेरळहून छोट्या गाडीनेच, हा माझा जुना हट्ट. दोन फुटांच्या रुळांवरून ती डुलत डुलत एकवीस किलोमीटरची वाट चढते आणि त्याला अडीच तासांहून अधिक घेते. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधला. २००५ च्या पावसाने तो धुऊन नेला, २०१९ च्या पावसाने पुन्हा मोडला, आणि नेरळपासूनची गाडी नुकतीच, २०२२ च्या ऑक्टोबरात, परत सुरू झाली होती. आमच्या डब्यात एक तरुण जोडपे होते. वाटेत एक बोगदा लागतो, इतका आखूड की साहेबाने त्याला 'वन किस टनेल' म्हणून ठेवले. तो बोगदा आला आणि गेला. नवरा चित्रफीत काढीत होता, बायको त्याला फोन आडवा धर म्हणून सांगत होती. साहेबाची योजना फुकट गेली.

गाडीतून उतरलो आणि प्रथम जाणवले ते कानांना. भोंगा नाही, धूर नाही. तांबडी माती, वर झाडांची कमान, आणि मधूनच घोड्याच्या टापा. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढून आला, तेव्हापासून येथे बंगले उठले, बाजार बसला, गाडी आली. मोटार मात्र दस्तुरी नाक्यावरच थांबते. २००३ साली सरकारने हा सगळा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, आणि रुग्णवाहिका व आगीचा बंब सोडून बाकी इंजिनांना गावात मज्जाव कायम राहिला. मी लांब श्वास घेतला. हिने हातरुमाल नाकाला लावला. घोड्यांच्या मागून चालताना लांब श्वास घेऊ नये, हे शहाणपण बायकांना उपजत असते.

दोन दिवस मी अगदी सुखात होतो. वर्तमानपत्र दुपारी आले तरी चालत होते. शार्लोट तळ्याच्या काठी एका माकडाने माझ्या हातातली चण्याची पुडी अशा सफाईने नेली की मला रागसुद्धा आला नाही. निदान त्याने पुढे मला पाच ताऱ्यांपैकी किती देणार, असे विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लुइझा पॉइंटवर गेलो. समोर प्रबळगड धुक्यातून हळूहळू वर येत होता. मी तासभर बसलो. परत येताना ही तीनदा बसली, हे माझ्या लक्षात आले होते. पण मी ते निसर्गप्रेमात धरले. संध्याकाळी गुडघा सुजला.

तिसऱ्या दिवशी निघायचे होते. खाली जाणाऱ्या गाडीच्या तिकिटाला ही रांग! दस्तुरीपर्यंत गेले की टॅक्सी मिळते, पण दस्तुरी अडीच-तीन किलोमीटर, आणि ही पायरी उतरतानासुद्धा माझ्या खांद्याला धरत होती. हॉटेलचे व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, ई-रिक्षा सांगू? नगरपरिषदेनं डिसेंबरपासून चालवायला घेतल्यात. विजेच्या आहेत, आवाज नाही, धूर नाही."

मी हसलो. माथेरानात विजेची रिक्षा! आज रिक्षा आली, उद्या तिच्यामागून मोटार येईल. "नको," मी म्हणालो. "आपली जुनी हातरिक्षाच बोलवा."

ती येईपर्यंत त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली. माझे अक्षर चांगले आहे. शाळेत त्याबद्दल बक्षीस मिळाले होते. मी लिहिले: 'या डोंगरावर यंत्राचे चाक कधीही फिरू नये. येथील शांतता हाच येथील खरा ठेवा.' खाली सही केली, तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत दोनदा वाचून पाहिले.

हातरिक्षा तीन माणसांची असते. एक पुढे दांडीत, दोघे मागे. पुढचा माणूस पन्नाशीचा होता. नीट पाहिल्यावर वाटले, चाळिशीचाही असेल. हिला त्यांनी उचलल्यासारखे करून बसवले, पायाशी आमच्या दोन्ही बॅगा ठेवल्या. मी बाजूने चालू लागलो. उतारावर मागचे दोघे गाडी मागे ओढून धरीत होते, त्यांच्या टाचा मातीत रुतत होत्या. मग एक चढ आला. मोठा नाही, चालणाऱ्याला कळणारही नाही असा. पुढचा माणूस इतका वाकला की त्याचे कपाळ दांडीला लागते की काय असे वाटले. बोलणे थांबले. आणि मला त्याचा श्वास ऐकू येऊ लागला.

दादरच्या रस्त्यावर तो ऐकू आला नसता. येथे शांतताच इतकी होती.

"अहो, थांबवा. मी उतरते, मी चालते," ही म्हणाली.

"बसा आई," मागचा म्हणाला. "तुम्ही उतरलात तर आम्ही मजुरी कशाची मागायची?"

ही बसून राहिली. पण दोन्ही हातांनी कड धरून अशी अधांतरी, की तेवढ्याने आपले वजन कमी होईल. मी बॅगांपैकी एक काढून खांद्यावर घेतली. कोणी काही बोलले नाही. माझे मलाच जरा हास्यास्पद वाटले.

चढ संपल्यावर ते टेकले. तेवढ्यात वळणावरून ती विजेची रिक्षा आली, शाळेच्या मुलांनी भरलेली. रिक्षाचा आवाज नव्हताच, मुलांचाच कलकलाट. तिघेही वळून पाहत राहिले.

"तीन महिन्यांची परीक्षा आहे तिची," पुढचा म्हणाला. "कोर्टानं परवानगी दिली म्हणून आली. पास झाली पाहिजे."

"तुमचं काम जाईल ना?"

"जाऊ द्या की! चौऱ्याण्णव परवाने आहेत इथं हातरिक्षाचे. तीच गाडी आम्हालाच चालवायला दिली तर बसून चालवू. छातीत दुखतं आता, रात्री झोप येत नाही. घोडेवाले नको म्हणतात. त्यांचंही पोट आहे, त्यांना काय बोलायचं? पण बाहेरून येणारेसुद्धा नको म्हणतात. का हो साहेब, ते का नको म्हणत असतील?"

मी म्हणालो, "लोकांना शांतता आवडते."

"आवडते खरी," तो म्हणाला, आणि दांडी उचलली.

दस्तुरीला पोचलो. पाकीट काढले तर रोख पैसे पुरेनात. त्याने दांडीला बांधलेला चौकटीचौकटीचा कागद दाखवला. "स्कॅन करा ना." मी ट्रंक म्हणून आणलेली ती जड बॅग नाक्यावर, सगळ्यांसमोर उघडली, तळाशी हात घातला, आणि लोकरीच्या टोपीत गुंडाळलेला फोन बाहेर काढला. तो चालू होईपर्यंत चौघेजण माझ्याकडे पाहत उभे होते. चालू होताच एकशे बारा निरोप आले. त्यांत मेहुण्यांचे तीन गुलाब.

नेरळच्या फलाटावर मी व्यवस्थापकांना फोन लावला. म्हटले, वहीतले माझे पान तेवढे फाडून टाका.

"अहो, का बरं?" ते म्हणाले. "इतकं सुंदर अक्षर! आम्ही तर त्याचा फोटो काढून आमच्या पानावर टाकलासुद्धा. फार आवडलं लोकांना."

पुढे २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माणसाने माणसाला ओढणे अमानुष आहे. माथेरानातल्या हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा, आणि विजेच्या रिक्षा त्या ओढणाऱ्यांनाच चालवायला द्या. बातमी हिने मोठ्याने वाचून दाखविली. वाचून झाल्यावर चष्मा काढून नुसती माझ्याकडे पाहिले.

त्या रात्री मी नातवाला त्या हॉटेलचे पान शोधायला सांगितले. त्याला अर्धे मिनिट लागले. "आजोबा, तुमचं अक्षर!" तो ओरडला. माझी ती दोन वाक्ये, सही, तारीख, सगळे जसेच्या तसे होते, आणि खाली आवडल्याचे शेकडो अंगठे. एका गृहस्थांनी 'अगदी मनातले बोललात' असे लिहिले होते.

"खाली मला काही लिहिता येईल का रे?" मी विचारले.

"येईल की. तुमच्या नावानं आत जावं लागेल. पासवर्ड काय?"

तो काही मला आठवेना.