दहावीच्या पुढचं गाव

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "मग, लातूरला टाकताय की नांदेडला?" पोरगं पुढं शिकणार हे त्यात गृहीतच असतं. मराठवाड्यात हे गृहीत फार जुनं नाही. निजामाच्या राज्यात पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या मराठी घराला कॉलेज लांब होतं, आणि परक्या भाषेतलंही होतं.

हे अंतर कमी करणारी माणसं आधी शाळेत उभी होती. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते, पुढे अंबाजोगाईत. निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम संपल्यावर १९५० साली त्यांच्याच पुढाकाराने नांदेडात पीपल्स कॉलेज निघालं. नरहर कुरुंदकर इंटरला अडखळले, नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवू लागले, नोकरी करता करता पदव्या मिळवल्या, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि तिथेच प्राचार्यही. शाळेतला मास्तर नापास होऊनही शिकत राहतो आणि कॉलेजात शिकवायला जातो, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं. माझ्या मते कॉलेजात जाण्याची रीत अशीच रुजते. पोराला ओळखीचा माणूस पुढच्या दारात उभा दिसावा लागतो.

लातूरने ही रीत वेगळ्या पद्धतीने रुजवली. डॉ. जनार्दन वाघमारे हे राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य. पुढे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात तिथे ज्याला लातूर पॅटर्न म्हणतात तो घडला. जादा तास, सुट्ट्यांतले वर्ग, परीक्षेमागून परीक्षा आणि शिक्षकांची अफाट मेहनत. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत खेड्यांतल्या पोरांची नावं झळकू लागली. पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा आपण कमी नाही, हे आमच्या भागाला त्या याद्यांनी शिकवलं आणि त्याचं मोल मी कधीही कमी लेखणार नाही. आज वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी आया पोरांसोबत लातुरात खोली करून राहतात, डबे करतात. एका पोराच्या शिक्षणासाठी सगळं घर हलतं, ही या भागाची खरी कमाई आहे.

पण ही वाट दोन-तीन परीक्षांकडेच जाते. ज्याला डॉक्टर किंवा इंजिनीअर व्हायचं नाही, किंवा ज्याच्या घरी खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे नाहीत, त्याला तो पहिला प्रश्न कुणी विचारतच नाही. मुखेड, कंधार, जळकोटकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात, तेव्हा मोठी मुलगी एकतर सोबत फडावर जाते किंवा धाकट्यांना सांभाळत गावात राहते. किनवटकडच्या वस्तीवर घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाला बी.ए. आणि बी.एस्सी. यांतला फरक सांगणारं घरी कुणी नसतं. २०२४ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. फार चांगलं झालं. तरी जातपडताळणीचे कागद कधी जमवायचे, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज कसा भरायचा, वसतिगृह कुठे आहे आणि शेवटची एसटी किती वाजता, या चार प्रश्नांशी मुली अडतात. त्यांची उत्तरं बारावीनंतर शोधायला घेतली तर उशीर झालेला असतो.

म्हणून विद्यापीठाकडे नजर जाते. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्रामदिनी स्थापन झालं. वाघमारे सरच त्याचे पहिले कुलगुरू. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत आणि लातुरात उपकेंद्र आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर 'स्कूल कनेक्ट' या नावाने राज्यातल्या विद्यापीठांनी बारावीच्या मुलांपर्यंत जायला सुरुवात केली, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र एका दिवसाच्या भाषणाने घरातलं मत बदलत नाही, आणि बारावी ही फार पुढची पायरी आहे. नववीत, निदान दहावीच्या दिवाळीत, हे बोलणं व्हायला हवं. आणि ते मुलांइतकंच आईबापांशी.

त्यासाठी नवी योजना लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं दरवर्षी सात दिवस खेड्यांत मुक्कामी असतात. त्यांतली कॉलेजची पोरं गावातला रस्ता झाडतात, झाडं लावतात. तीच पोरं रोज संध्याकाळी तासभर जिल्हा परिषदेच्या शाळेत नववीच्या मुलामुलींसोबत बसू शकतात. त्यातली बरीच तशाच शाळांतून आलेली असतात. पहिल्या वर्षाला काय जड गेलं, इंग्रजीची भीती कशी गेली, 'कमवा आणि शिका' योजनेत काम कसं मिळालं, घरच्यांना कसं समजावलं, हे तीच सांगू शकतात. शाळेच्या गुरुजींनी त्या मुलांची नावं लिहून ठेवावीत, कॉलेजने पुढच्या वर्षी परत त्याच गावात यावं, आणि कोण पुढे गेलं, कोण थांबलं, का थांबलं हे दोघांनी मिळून पाहावं. शिबिराच्या शेवटच्या दिवशी समारोपाच्या भाषणांऐवजी आईबापांना शाळेत बोलवावं आणि प्राध्यापकांनी त्यांच्यासोबत सतरंजीवर बसून कागदांची यादी, खर्चाचा हिशेब आणि मुलींच्या वसतिगृहाचा पत्ता सांगावा.