थकलेल्या माणसांचा तंबू

तंबू शिवणं, दुरुस्त करणं आणि भाड्यानं देणं हा माझा धंदा. दसरा उलटला, सकाळच्या हवेत जरा गारवा आला, की पवना, भंडारदरा, राजमाचीकडे निघालेली कुटुंबं चौकशीला येऊ लागतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आम्ही चौघं आहोत, म्हणजे चार जणांचा टेंट पुरेल ना?" पुरत नाही. पिशवीवर छापलेला आकडा इतकंच सांगतो, की साधारण साठ सेंटिमीटर रुंदीच्या किती मॅट शेजारी शेजारी मावतात. त्यात सामानाच्या पिशव्या धरलेल्या नसतात, बूट धरलेले नसतात आणि झोपेत गोल फिरणारं पोर तर नसतंच. चौघांना सहा जणांचा घ्यावा, तिघांना चार जणांचा.

पण आकड्याच्या आधी मला दुसरंच काही सांगायचं असतं. तंबू आपल्या चांगल्या वेळेसाठी निवडायचा नसतो. दुकानात भरपूर उजेड असतो, सगळे ताजेतवाने असतात, विक्रेता मदतीला असतो. तिथे कुठलाही तंबू पाच मिनिटांत उभा राहतो. प्रत्यक्षात एक्स्प्रेसवेच्या गर्दीत अडकून आपण पोचतो तेव्हा सूर्य मावळलेला असतो. मुलं भुकेली, एकाच्या हातात मोबाइलचा टॉर्च, आणि "लवकर निघू म्हटलं होतं" यावरून नवरा-बायकोत धुसफूस. त्या वेळी एकट्या माणसाला जो उभारता येतो तो कुटुंबाचा तंबू. म्हणून घेताना बघा : दांड्या आणि त्यांच्या जागा एकाच रंगाच्या आहेत का? दांडी लांबच लांब बोगद्यातून सरकवायची आहे की नुसत्या क्लिपा अडकवायच्या आहेत? आतला कप्पा बाहेरच्या पडद्याला आधीच जोडलेला असेल तर फारच चांगलं. अवकाळी पावसात तंबू लावायची वेळ आली तर आतली बाजू भिजत नाही. दांड्या शक्यतो अ‍ॅल्युमिनियमच्या घ्या. फायबरची दांडी जास्त वाकवली की चिरफळते, तिच्या कुसळांनी हात फाटतात, आणि त्या चिरफळीनं कापडही जातं. अ‍ॅल्युमिनियमची वाकते, वाकलेली तात्पुरती सरळ करून रात्र निभावता येते.

मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातला. संध्याकाळच्या प्रार्थनेला बायबलचा एक अध्याय वाचायचा, हा आमचा घरचा शिरस्ता. या धंद्यात पडल्यावर ते अध्याय मला निराळे दिसू लागले. उत्पत्तीच्या पुस्तकातली मोठी माणसं तंबूत राहणारी, आणि त्यांच्या उणिवाही तंबूइतक्याच उघड्यावर मांडलेल्या. जलप्रलयातून वाचलेला नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या तंबूत उघडा पडला. अब्राहामानं जिवाच्या भीतीनं बायकोला बहीण म्हणून सांगितलं, तेही एकदा नव्हे, दोनदा. तरी मम्रेच्या झाडांपाशी भर उन्हात तो तंबूच्या दाराशी बसला असताना तीन पाहुणे आले आणि त्याच्या म्हाताऱ्या बायकोला, सारेला, मुलगा होईल हे वचन देऊन गेले. सारा आत तंबूत हसली, आणि मग भिऊन, हसले नाही म्हणाली. तरी तिला दिलेलं वचन मोडलं नाही.

माझं मन मात्र सर्वांत जास्त रमतं ते निर्गमच्या 26व्या अध्यायात. रानात देवासाठी जो निवासमंडप उभारायचा, त्याची मापं तिथे आहेत. माझ्यासारख्याला ती वाचताना हातात टेप घ्यावीशी वाटते. आतले तलम तागाचे पडदे दहा; प्रत्येकाची लांबी 28 हात, रुंदी 4 हात. त्यांच्यावर बकऱ्याच्या केसांचे पडदे अकरा; रुंदी तीच, पण लांबी 30 हात. म्हणजे बाहेरचा पडदा दोन्ही बाजूंना एकेक हात जास्त खाली उतरतो आणि आतलं नाजूक कापड झाकून घेतो. जोडायला पन्नास फासे, पन्नास आकडे. त्यावर लाल रंगवलेली मेंढ्यांची कातडी, त्याच्यावर आणखी एक कातडी आच्छादन. मी गिऱ्हाइकाला आज जे सांगतो तेच इथे आहे : आतला पडदा वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि बाहेरचा आतल्यापेक्षा खाली उतरलेला.

पण हे माप दोनदा आलं आहे, आणि मला त्याचंच अप्रूप आहे. 25 ते 31 या अध्यायांत लोकांचा पुढारी मोशे याला डोंगरावर सगळ्या सूचना मिळतात. 32व्यात खाली लोकांचा धीर सुटतो. बायका-मुलांच्या कानांतली सोन्याची कुंडलं काढून मोशेचा भाऊ अहरोन त्यांचं वासरू घडवतो, आणि ज्यानं गुलामीतून सोडवलं त्याला लोक विसरतात. देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फुटतात. शिक्षाही होते, ती काही सौम्य नाही. यानंतर देवानं तंबूचा बेत रद्द केला असता तर कोणाला नवल वाटलं नसतं. पण 35व्यात पुन्हा दागिने गोळा होतात, त्यांत पुन्हा कुंडलं येतात, आणि 36व्यात पडदे शिवायला घेतले जातात : 28 हात, 30 हात, दहा, अकरा. माप एका बोटानंही घटलेलं नाही. आधी जे देऊ केलं होतं ते लोक घसरल्यावर कापून लहान केलेलं नाही. तो तंबू उभा राहिला तो याच लोकांच्या छावणीच्या मध्यावर. कृपा म्हणजे काय हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा या दोन अध्यायांतल्या मापांनी जास्त नीट समजावलं.

आता पाण्याकडे येतो, कारण फसगत इथे जास्त होते. कापडावर 1500, 3000 असे मिलिमीटरचे आकडे लिहिलेले असतात. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून तो किती उंचीला गेल्यावर पाणी झिरपू लागतं, ते हे माप. वरच्या पडद्याला 3000 असेल तर आपल्याकडच्या अवकाळी सरीला निर्धास्त राहावं. तळाचं कापड त्याहून वरचढ हवं, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की त्या एका जागी दाब एकदम वाढतो. तळ थाळीसारखा काठ उचललेला असावा. शिवणींवर आतून टेप असलीच पाहिजे. सुईनं पाडलेल्या भोकांना कापडाचा आकडा लागू होत नाही. खाली प्लास्टिक अंथरायचं तर ते तंबूच्या तळापेक्षा लहान घ्या. बाहेर डोकावणारा काठ पावसाचं पाणी गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणून सोडतो.

हिवाळ्यात मात्र निम्म्या तक्रारी गळतीच्या नसतातच. पवनेच्या काठावर पहाटे तंबूच्या आतून हात फिरवला तर तळवा ओला होतो, आणि माणूस म्हणतो, गळतोय. आभाळ तर निरभ्र असतं. ते पाणी आपल्याच श्वासाचं असतं. चार माणसं रात्रभर उबदार, दमट हवा सोडत राहतात; बाहेरचा पडदा दवानं गार पडलेला असतो; वाफ त्याला लागून थेंब होते आणि आतल्या बाजूनं ओघळते. मध्ये जाळीचा दुसरा पडदा असला तर थेंब त्याच्यावरून खाली जातात, अंथरुणावर पडत नाहीत. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद करू नका, वरची झडप उघडीच ठेवा. शेगडी किंवा स्टोव्ह आत पेटवणं तर कधीही नाही, विझत आलेले कोळसेसुद्धा आत नकोत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. या एका बाबतीत मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो आणि पटलं नाही तर तंबू भाड्यानं देत नाही.

सह्याद्रीत आणखी एक अडचण म्हणजे कातळ. वर चार बोटं माती आणि खाली काळा दगड. खुंटी वाकते, आत जात नाही. म्हणून दांड्यांवर स्वतःच्या बळानं उभा राहणारा घुमटाकार तंबू आपल्याकडे बरा. ताणाचे दोर मोठ्या धोंड्यांना गुंडाळून बांधता येतात. माती असेल तिथे खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं ठेवून ती तिरकी ठोका. कोरड्या ओढ्याच्या पात्रात जागा कितीही सपाट दिसली तरी मुक्काम करू नका. वरच्या अंगाला पाऊस झाला तर खाली कळेपर्यंत उशीर झालेला असतो. घरी आल्यावर तंबू पूर्ण वाळवून मगच गुंडाळा, कारण ओला ठेवला तर आतला लेप चिकट होतो, आंबूस वास येतो, आणि मग तो कोणालाच वाचवता येत नाही.

आमच्या धंद्याचा थोर माणूस म्हणजे बायबलमधला प्रेषित पौल. करिंथ शहरात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहिला, कारण तिघांचा धंदा एकच, तंबू करण्याचा. पौल मूळचा किलिकियातल्या तार्सचा, आणि त्या मुलखाचं बकऱ्याच्या केसांचं जाडंभरडं कापड रोमन जगात प्रसिद्ध होतं. पुढे याच करिंथकरांना लिहिताना त्यानं माणसाच्या देहाला तंबू म्हटलं, आणि त्याच पत्रात आपल्या शरीरातल्या एका काट्याबद्दल सांगितलं. काटा कसला, ते त्यानं लिहिलेलं नाही. तो काढून टाक म्हणून त्यानं प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. मिळालं ते आश्वासन : कृपा पुरेशी आहे, आणि सामर्थ्य दुर्बळतेतच पुरतेपणी दिसतं. पौलानं त्या काट्यासकट पुढचं काम केलं. दिवसभर वाकून जाड कापड शिवणाऱ्याच्या पाठीचं आणि बोटांचं काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून हे उत्तर मला कधी पोकळ वाटलं नाही.

माझ्याकडे येणारी पुष्कळ कुटुंबं आजीला घरी ठेवून जायचं ठरवूनच आलेली असतात. "तिचे गुडघे दुखतात, वाकून आत शिरता येत नाही." मी म्हणतो, मग तंबू तिच्या गुडघ्यांवरून निवडा. उभं राहता येईल असा, मधली उंची एकशे नव्वद सेंटिमीटरच्या आसपास, दार मोठं, उंबरठा खाली दाबता येणारा. असा उंच तंबू हरिश्चंद्रगडासारख्या माथ्यावर नेऊ नका, तिथला वारा त्याला टिकू देणार नाही. धरणाच्या काठी, झाडांच्या आडोशाला तो उत्तम. फक्त वाळक्या फांदीखाली लावू नका. आजीला जमिनीवरून उठता येत नसेल तर बुटकी घडीची कॉट आत मावते. कॉट मांडताना तिच्या चारही पायांखाली जुन्या टायरचे रबराचे तुकडे ठेवा, म्हणजे तळाचं कापड फाटत नाही. ते तुकडे मी कापून ठेवलेले असतात; मागितले की देतो, पैसे घेत नाही.