पूर्ण केलेले चित्र

२०१६च्या एप्रिल महिन्यात लातूरच्या आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात एक छोटासा कार्यक्रम झाला. विषय होता अमूर्त चित्रकला, आणि बोलणारी होते मी, तेहतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली एक शिक्षिका. त्या दिवसांत मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येऊ लागली होती. पाण्याखेरीज गावात दुसरा विषय नव्हता. अशा वेळी भिंतीवर रंगांचे तुकडे डकवून त्यांवर तासभर बोलण्याची कल्पना फादरांनी कशी मान्य केली, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. महिला मंडळाच्या भगिनी आणि रविवारच्या वर्गाची मुले मिळून चाळीसेक माणसे आली होती.

कार्यक्रमाचे मूळ मात्र दूरवर होते. जानेवारी २०१५मध्ये मी मुलाकडे न्यू जर्सीला होते. थंडीने घराबाहेर पडणे नकोसे झाले होते. एके दिवशी सूनबाई म्हणाली, “आई, न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात गायतोंड्यांची चित्रं लागली आहेत. तुम्हांला पाहायला आवडतील.” वासुदेव गायतोंडे हे नाव मला अनोळखी नव्हते. घराणे गोव्याचे, जन्म १९२४चा, नागपूरचा, आणि शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमधले. शिवाय डिसेंबर २०१३मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनी वर्तमानपत्र घेऊन येऊन मला विचारले होते, “बाई, यात काढलंय तरी काय?” मी काहीतरी उत्तर दिले होते. खरे सांगायचे तर मलाही ठाऊक नव्हते.

संग्रहालयाची इमारत पाहून मी आधी गोंधळलेच. शंखाच्या पोटातून चालावे तसा वळत वळत वर जाणारा उतार, आणि त्याच्या कडेने चित्रे. प्रेक्षकांना हिंडवून माहिती सांगणाऱ्या एक वयस्क बाई होत्या. आमच्या घोळक्याला थांबवून त्या म्हणाल्या की, दारावर ज्यांचे नाव आहे त्यांनी पैसा दिला. पण हे घर उभे राहिले ते एका बाईच्या हट्टामुळे. त्या बाईंचे नाव हिला रिबे.

वाचकहो, हे नाव मी त्या दिवशी प्रथम ऐकले. घरी परतल्यावर मुलाकडून पुस्तके मागवून वाचत गेले. १८९०मध्ये स्ट्रासबुर्ग येथे जन्मलेली ही जर्मन चित्रकर्ती १९२७ साली अमेरिकेत आली. खाणींच्या व्यवसायात अमाप धन मिळवलेल्या सॉलोमन गुगनहाइम यांचे व्यक्तिचित्र काढण्याचे काम तिला मिळाले. चित्र रंगवता रंगवता तिने त्या वृद्ध गृहस्थांचे मनही वळवले. ज्या चित्रांत माणूस, झाड, घर असे ओळखू येणारे काहीच नाही, अशी चित्रे त्यांनी विकत घ्यावीत असा तिने ध्यास घेतला. १९३० साली ती त्यांना जर्मनीत कांडिन्स्कीच्या भेटीला घेऊन गेली. चित्रे साठत गेली, आणि १९३९च्या जून महिन्यात न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या जागेत तिचे संग्रहालय उघडले. नावातच तिने आपली भूमिका मांडली होती: ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे वस्तुनिरपेक्ष चित्रांचे संग्रहालय. भिंतींना राखाडी कापडाच्या चुण्या, चित्रे जमिनीलगत लावलेली, आणि दालनात बाखचे संगीत चाललेले. चित्रांसमोर माणसाने प्रार्थनेत बसावे तसे निवांत बसावे, अशी तिची इच्छा होती. तिच्या टीकाकारांना याचे हसू येई. ती स्वभावाने तापट आणि हेकट होती, असे तिचे चाहतेही लिहितात. ते मला खरे वाटते. पण मृदू स्वभावाच्या बाईला हे जमले असते का, अशी शंकाही मनात येते.

१९४३मध्ये तिने वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांना पत्र लिहून कायमच्या इमारतीचा आराखडा मागितला. १९४९मध्ये गुगनहाइम वारले. १९५२मध्ये तिला संचालकपद सोडावे लागले. ऑक्टोबर १९५९मध्ये ती शंखाकृती वास्तू लोकांसाठी खुली झाली, तोवर संग्रहालयाचे नावही बदलले होते. जिने ही इमारत मागितली, ती त्या सोहळ्यात नव्हती. १९६७ साली तिचे निधन झाले. पुढे २००५मध्ये संग्रहालयाने तिच्यावर एक मोठे प्रदर्शन भरवले.

मार्गदर्शिका बाईंनी आम्हांला गायतोंड्यांच्या दालनात नेले तेव्हा हे सारे माझ्या डोक्यात घोळत होते. गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणत नसत. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हाच शब्द त्यांना मान्य होता. त्या बाईने पाटीवर लिहिलेला आणि पुढे पाटीवरून गेलेला शब्द आमच्या मराठी मुलखातल्या, वर्षाकाठी मोजकीच चित्रे करणाऱ्या एका अबोल माणसाने जपला होता, आणि त्याची चित्रे आता तिच्याच घरी आली होती. रूळ आणि रंगसुरी यांनी रंगाचे थर चढवत, पुन्हा खरवडत केलेली ती चित्रे. त्यांतल्या एका राखाडी चित्रापुढे मी फार वेळ उभी राहिले. मुलगा म्हणाला, “आई, बरं वाटत नाही का?” मी म्हटले, “काही नाही रे, पाय दुखताहेत.” पाय दुखत नव्हते.

लातूरच्या सभागृहात मी ही हकिकत सांगितली आणि तिला आपल्याकडची एक बाजू जोडली. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या प्रफुल्ला डहाणूकर यांनी १९५५मध्ये जे. जे.चे सुवर्णपदक मिळवले, १९६१मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसला गेल्या. तत्पूर्वी मुंबईच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्या काम करीत, त्याच वास्तूत गायतोंडेही रंगवीत असत. प्रफुल्लाबाईंची निसर्गचित्रे हळूहळू अशी झाली की त्यांत क्षितिज उरले आणि बाकीचे विरले. बॉम्बे आर्ट सोसायटी, आर्टिस्ट्स सेंटर आणि जहांगीर कलादालन या संस्थांचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षे वाहिला, होतकरू चित्रकारांना दारे उघडून दिली. हिला रिबेसारखा एकाच प्रकारच्या चित्रांचा पक्ष त्यांनी घेतला नाही. त्यांचे दार सर्वांना उघडे होते, आणि मला ते अधिक भावते. त्या १ मार्च २०१४ रोजी गेल्या. त्यांच्या सहकाऱ्याचे प्रदर्शन न्यूयॉर्कला उघडले ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये.

एवढे सांगून होते न होते तोच बाहेर टँकरचा भोंगा वाजला आणि निम्म्या भगिनी घागरी घेण्यासाठी उठल्या. त्यांना दोष कसा द्यावा? माझीही घागर दारापाशी होतीच. फादरांनी एका मुलाला माझ्या वाटची रांग धरायला पाठवले, आणि आम्ही उरलेली माणसे जरा जवळ सरकून बसलो.

तेव्हा माझी एक जुनी विद्यार्थिनी उभी राहिली. आता तिची स्वतःची मुले शाळेत जातात. ती हसत म्हणाली, “बाई, हे सगळं ठीक आहे. पण आम्ही असं काढलं असतं तर तुम्ही चालवून घेतलं असतं का? थोडी जागा मोकळी राहिली तरी तुम्ही गुण कापायचात.”

सगळे हसले. तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. मी स्वतः नांदेडला, रेल्वेच्या वसाहतीत वाढले. इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी आमच्या सरांनी एकच मंत्र दिला होता: कागदावर पांढरे काही ठेवायचे नाही, आणि परीक्षकाला ओळखता येणार नाही असे काही काढायचे नाही. त्या मंत्रावर मला ‘अ’ श्रेणी मिळाली, आणि पुढे तोच मंत्र मी शेकडो मुलांना दिला.

माझ्या पिशवीत एक कागद होता. अमेरिकेहून परतल्यावर जुनी ट्रंक उपसून तो मी शोधून काढला होता. भिंतीवर लावायचे मात्र धैर्य झाले नव्हते.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. त्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही काही शिक्षक एका गावच्या पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत रंग आणि कागद घेऊन जात असू. मुलांचे मन रमावे, एवढाच हेतू. मुले भराभर काढीत: घर, विहीर, बैल, मदतीला आलेले लष्कराचे ट्रक. दहाएक वर्षांच्या एका मुलीने कागद ओला करून सगळा राखाडी रंगवला, अगदी चारही कडांपर्यंत. खाली एक गडद आडवा पट्टा ठेवला आणि कुंचला धुऊन ती स्वस्थ बसली. मी म्हटले, “बाळ, यात काहीच नाही. घर काढ. झाड काढ.” ती म्हणाली, “झालं, बाई.” मी ऐकले नाही. त्या भागातली घरे दगडामातीची, वर मातीच्या जाड थराचे माळवद. त्या पहाटे ती माती कशी खाली आली, हे मी कित्येकांच्या तोंडून ऐकले होते. ऐकूनही माझ्या डोळ्यांना त्या कागदावर रिकामेपणच दिसले. कागद तिला परत देऊन मी पुढच्या मुलाकडे वळले.

सभागृहात मी तो कागद पिशवीतून काढला आणि विद्यार्थिनीच्या हाती दिला. तिने तो शेजारणीला दाखवला. राखाडी रंगावर तेलखडूने ठसठशीत एक घर काढलेले आहे: लाल कौलांचे उतरते छप्पर, बाजूला नारळाचे झाड, कोपऱ्यात किरणांसह सूर्य. पाठ्यपुस्तकातले घर. तिच्या गावात कौलांचे घर एकही नव्हते, नारळही नव्हता. खिडकीचा चौकोन तेवढा तिने रिकामा सोडला आहे, आणि त्यातून मागचा राखाडी रंग दिसतो.

“मागे काहीतरी लिहिलंय, बाई,” विद्यार्थिनी म्हणाली आणि तिने ते मोठ्याने वाचले. लाल शाईतल्या, माझ्याच हस्ताक्षरातल्या दोन ओळी होत्या. पहिली: चित्र पूर्ण करावे. तिच्याखाली, आठ दिवसांनंतरची: पूर्ण. खिडकी रंगवणे राहिले. १० पैकी ७.