कोयनेचं अवजल

मी सागरी परिसंस्था शिकवते, आणि तेही कऱ्हाडला. समोरच्या बाकांवर पाटण, वाळवा, तासगाव, जतची मुलं असतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी समुद्र पाहिलेलाच नसतो. खाडी, क्षारता, भरती-ओहोटीमधला पट्टा हे सगळं फळ्यावर शिकवून होतं. पण पहिल्या तासाला मला सांगायचं असतं ते वेगळंच: सातारा-सांगलीच्या माणसाचा समुद्राशी संबंध आहे, आणि तोही दोन समुद्रांशी.

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना हेळवाकपाशी पूर्वेला वळते, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि सांगलीवरून, कर्नाटक-तेलंगण ओलांडून आंध्रात बंगालच्या उपसागराला जाते. हा झाला निसर्गानं आखलेला रस्ता. दुसरा माणसानं खोदला. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, पोफळीला आणि पुढे अलोऱ्याला वीज निर्माण करतं आणि वाशिष्ठीत पडून चिपळूणवरून दाभोळला अरबी समुद्रात जातं. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी मान्य केलं. धरणाची क्षमताच सुमारे १०५ टीएमसी! या वापरून सोडलेल्या पाण्याला अवजल म्हणतात.

म्हणून आमचा अभ्यासदौरा कुंभार्ली घाटानंच उतरतो. मालवणची प्रवाळं सुंदर आहेत, मुलांना तीच हवी असतात. पण दाभोळच्या खाडीत त्यांच्या गावचं पाणी आहे.

गोवळकोटच्या धक्क्यावर पहिला नमुना घेतो. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून रेघ वाचायची. उन्हाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्या आटतात आणि खारं पाणी भरतीबरोबर खूप आत चढतं. वाशिष्ठी मात्र भर एप्रिलमध्येही वाहती असते. ओहोटीला इथं रेघ शून्याच्या आसपास रेंगाळते आणि धोपाव्याला फेरीबोटीच्या धक्क्याशी पोचेपर्यंत तिशीच्या वर जाते. वाटेत मुलं तिवराचं पान जिभेला लावून बघतात, कारण हे झाड जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं. ती खारट चव एकदा घेतली की क्षारतेवर मला फार बोलावं लागत नाही.

खाडीतल्या एका वयस्कर भोई काकांनी आम्हाला भरतीचं गणित शिकवलं. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा. पण त्यांचं खरं दुखणं पुढे होतं. चंद्राचं पाणी पंचांगात बघता येतं, कोयनेचं कुणाला विचारायचं? विजेची मागणी वाढली की जनित्रं सुरू होतात आणि नदी चढते. खाडीतल्या तिसऱ्या, कालवं, कोळंबीची पिल्लं, सगळ्यांना या दोन घड्याळांवर जगावं लागतं. पहिल्याची त्यांना हजारो वर्षांची सवय आहे. दुसरं साठेक वर्षांचं.

एका दौऱ्यात जतचा एक मुलगा धक्क्यावर गप्प उभा होता. मग म्हणाला, “मॅडम, आमच्याकडं म्हैसाळ योजनेच्या पाण्याची वाट बघत्यात, आणि हितं एवढं पाणी समुद्रात वाया जातंय.” त्याचा राग खोटा नव्हता. ज्यानं टँकरमागे पळून घागर भरली आहे, त्याला मी खाडीचं महत्त्व पाठ करून घ्यायला सांगणार नाही. पण ‘वाया’ मला मान्य नाही, आणि तसं मी त्याला सांगितलं. नदीचं गोडं पाणी आणि गाळ पोचला नाही तर मुखाशी काय होतं, ते आपल्याच कृष्णेनं दाखवलंय. कोरड्या वर्षांत तिचं पाणी बंगालच्या उपसागरापर्यंत जवळजवळ पोचत नाही. धरणांत गाळ अडल्यानं त्रिभुज प्रदेशाचा किनारा खचतोय. एकाच खोऱ्याच्या पाण्यानं एका मुखाशी तूट आणि दुसऱ्या मुखाशी भर, दोन्ही आपण घडवलंय.

“मग खाडीला नेमकं किती लागतं?” त्यानं विचारलं. याचं उत्तर मोजल्याशिवाय देता येत नाही, आणि मोजायला दोन्ही घड्याळं सांभाळावी लागतात. आता त्याच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय हाच आहे: गोवळकोटपासून धोपाव्यापर्यंतची क्षारता आणि तिसऱ्यांची संख्या, उधाणाला आणि भांगाला, जनित्रं चालू असताना आणि बंद असताना. होडी भोई काका देणार आहेत. तिथी तेच ठरवणार.